आज्ञेचा विग्रह करा

मराठीच्या तासाला 'नीलकंठ' हा शब्द आला की शिक्षक विचारतात, "विग्रह कसा होईल?" मुले सांगतात, "निळा आहे कंठ ज्याचा असा तो." या उत्तरातले 'ज्याचा' आणि 'तो' हे शब्द मूळ समासात कुठेच नाहीत. तरी अर्थ त्यांच्याच आधाराने उभा आहे. ते शब्द बाहेरून आणून जागेवर बसवल्याशिवाय समास समजला असे आपण मानत नाही. नुसता अर्थ पाठ करून 'नीलकंठ म्हणजे शंकर' असे सांगणाऱ्या मुलाला आपण अर्धेच गुण देतो.

संगणकाच्या तासाला मात्र आपण हा कडकपणा सोडून देतो. एखादी आटोपशीर आज्ञा फळ्यावर लिहायची, ती चालवून दाखवायची आणि 'हे असेच लिहायचे असते' असे सांगून पुढे जायचे, हा प्रघात शाळेपासून संशोधनसंस्थेपर्यंत सर्वत्र दिसतो. त्यात काय गाळले आहे, ते कोणी भरले आणि कोणत्या नियमाने भरले, हे कोणी विचारत नाही. या लेखात आम्हाला या प्रघाताची चिकित्सा करायची आहे. उदाहरणासाठी आम्ही पर्ल ही भाषा घेतली आहे, कारण गाळलेल्या शब्दांची कला तिच्याइतकी पुढे फारच थोड्या भाषांनी नेली आहे. आणि तिच्या या कलेने आम्हाला जितका हात दिला, तितकेच एकदा चांगले तोंडावरही पाडले आहे.

(लेखातल्या आज्ञा छपाईच्या सोयीसाठी देवनागरीत दिल्या आहेत. संगणकावर त्या रोमन लिपीतच टंकाव्या लागतात.)

दोन ओळींत किती मावते?

पर्ल ही स्क्रिप्टिंग वर्गातली भाषा आहे. लिहिली की लगेच चालवावी, काम झाले की बाजूला ठेवावी, अशा छोट्या आज्ञावल्यांसाठी या भाषा सोयीच्या असतात. लॅरी वॉल या अमेरिकन प्रोग्रॅमरने १९८७ मध्ये ती प्रसिद्ध केली. मजकुराने भरलेल्या फाइलींमधून हवी ती माहिती वेचावी आणि तिचा अहवाल छापावा, हे तिचे मूळ काम. पुढे जीवशास्त्रज्ञांनी ती उचलून धरली. मानवी जनुकसंच प्रकल्पात निरनिराळ्या प्रयोगशाळांची माहिती एकमेकींशी जुळवून घेण्यासाठी तिचा इतका उपयोग झाला, की पर्लने हा प्रकल्प कसा तारला अशा आशयाच्या मथळ्याचा लेखच लिंकन स्टाइन या शास्त्रज्ञाने १९९६ मध्ये लिहिला.

समजा, आपल्याकडे पावसाच्या नोंदींची फाईल आहे. दर ओळीत केंद्राचे नाव, तारीख आणि मिलिमीटरमधला पाऊस. त्यातल्या महाबळेश्वरच्या ओळी तेवढ्या छापायच्या आहेत. पर्लमध्ये हे असे लिहितात :

व्हाइल (<>) {
  प्रिंट इफ /महाबळेश्वर/;
}

वाचकांनी या आज्ञेकडे जरा रोखून पाहावे. कोणती फाईल उघडायची ते यात नाही. ओळ वाचून कुठे ठेवायची ते नाही. महाबळेश्वर हा शब्द कशात शोधायचा ते नाही. आणि काय छापायचे तेही नाही! 'छाप, जर महाबळेश्वर' एवढेच हे वाक्य आहे. मराठीच्या परीक्षेत असे वाक्य कोणी लिहिले तर आपण लाल शाईने विचारू, 'काय छाप? महाबळेश्वर कुठे?' आता हिचा विग्रह करू :

व्हाइल (डिफाइन्ड($_ = <>)) {
  इफ ($_ =~ /महाबळेश्वर/) {
    प्रिंट $_;
  }
}

गाळलेल्या गोष्टी आता मोजता येतात. $_ हे एका चलाचे नाव आहे. डॉलरचे चिन्ह आणि एक अधोरेषा, एवढेच. वाचलेली प्रत्येक ओळ न सांगता याच चलात जाते. शब्दाचा शोधही न सांगता याच चलात होतो. प्रिंटला काही दिले नाही तर तोही हेच चल छापतो. 'डिफाइन्ड' म्हणजे 'काही मिळाले का' ही चौकशी. फाईल संपली की उत्तर नकारार्थी येते आणि फेरा थांबतो. उरला तो कोनी कंसांचा <>. आज्ञावली चालवताना तिच्या नावापुढे ज्या फाइलींची नावे दिली असतील त्या एकामागून एक उघडायच्या आणि ओळ-ओळ वाचायच्या. एकही नाव दिले नसेल तर कळफलकावरून येईल ते वाचायचे, एवढा मोठा अर्थ या दोन चिन्हांत आहे. हा पुरा बहुव्रीही झाला. अर्थ पदांच्या बाहेरच!

याहून पुढेही जाता येते. पर्लला -एन हा स्विच दिला की बाहेरचा व्हाइलचा फेरासुद्धा लिहावा लागत नाही. 'प्रिंट इफ /महाबळेश्वर/' एवढेच उरते. आणि पर्लने जिच्याकडून पुष्कळ काही घेतले त्या ऑक या भाषेत तर नुसते /महाबळेश्वर/ लिहिले तरी पुरते. बेल प्रयोगशाळेतल्या एहो, वाइनबर्गर आणि कर्निहॅन या तिघांनी १९७७ मध्ये ती तयार केली. त्यांच्या आडनावांच्या आद्याक्षरांवरूनच तिचे नाव पडले. तिचा नियम असा : अट दिली आणि कृती दिली नाही तर 'ओळ छाप' ही कृती समजायची, कृती दिली आणि अट दिली नाही तर ती प्रत्येक ओळीला लावायची. म्हणजे क्रियापदही अध्याहृत.

सर्वनामाची बाजू

हा सगळा आळसाचा कारभार आहे असे म्हणून तो निकालात काढणे सोपे आहे. आम्ही तसे करणार नाही. लॅरी वॉलचे शिक्षण भाषाशास्त्राचे होते आणि पर्लची घडण करताना त्याने माणसांच्या भाषेचा धडा जाणूनबुजून गिरवला. माणसे बोलताना किती गाळतात! "जेवलास?" या एका शब्दात कर्ता नाही, कर्म नाही. "हो, मघाशीच" या उत्तरात तर क्रियापदही नाही. तरी व्यवहार अडत नाही. $_ हे पर्लचे सर्वनाम आहे. ज्याच्याविषयी बोलणे चालले आहे ते, म्हणजेच 'ते'. दर वाक्यात 'नुकतीच वाचलेली ओळ' असे लांबलचक म्हणण्यापेक्षा 'ते' म्हणावे, आणि जमल्यास तेही म्हणू नये, हा विचार मुळीच अडाणी नाही.

गणितानेही हेच केले आहे. 'क' लिहिले की त्याचा सहगुणक १ आहे हे आपण लिहीत नाही. वर्गमुळाच्या चिन्हावरचा २ लिहीत नाही. ३५२ लिहिताना शंभर आणि दहा यांनी केलेले गुणाकार लिहीत नाही. ही गाळणी झाली नसती तर बीजगणित चालूच शकले नसते. केनेथ आयव्हर्सन यांना १९७९ चे ट्युरिंग पारितोषिक मिळाले, तेव्हा त्यांनी आपल्या व्याख्यानाचा विषयच 'विचाराचे साधन म्हणून चिन्हलेखन' हा घेतला होता. चांगला संक्षेप डोके मोकळे करतो, हे आम्हाला पूर्ण मान्य आहे.

मतभेद आहे तो पुढच्या पायरीवर. माणसांच्या बोलण्यात गाळलेला शब्द ऐकणारा भरून काढतो, आणि शंका आली तर विचारतो. वाण्याकडे आपण यादी देतो : 'साखर दोन किलो, तूरडाळ एक, तांदूळ पाच, खोबरेल तेल एक.' किलो हा शब्द एकदाच लिहिला; तो डाळीला आणि तांदळाला आपोआप लागला. तेलापाशी मात्र वाणी थबकतो. "एक म्हणजे? बाटली का लिटर?" हा प्रश्न येतो म्हणूनच अशी यादी चालते. संगणक कधी थबकत नाही. त्याच्यापाशी नियम असतो आणि तो नियम जिथवर पोचेल तिथवर तो बिनदिक्कत किलो लावत जातो. माणसाच्या भाषेतून पर्लने गाळण्याची सवलत घेतली, पण विचारण्याची सोय घेतली नाही. ती घेता येण्यासारखीही नव्हती. आमचा मुख्य आक्षेप इथे आहे. ज्या भाषेत ऐकणारा प्रश्न विचारणार नाही, त्या भाषेत गाळलेले काय आहे ते बोलणाऱ्याला स्वतःलाच पक्के ठाऊक हवे.

हद्द कुठे संपते?

आणि ते ठाऊक असणे वाटते तितके सोपे नाही. 'वाचलेली ओळ $_ मध्ये जाते' एवढे पाठ केलेला विद्यार्थी फाइलीची पहिली, शीर्षकाची ओळ वाचावी म्हणून एका ओळीवर नुसते <>. असे लिहितो आणि पुढच्या ओळीत $_ छापू पाहतो. ओळ वाचली जाते आणि टाकून दिली जाते. $_ मध्ये ती येत नाही. कारण ओळ आपोआप $_ मध्ये ठेवण्याचा नियम <> चा नाहीच. व्हाइलच्या कंसात <> एकटे असले तरच (आणि फॉरच्या तशाच अटीत) तो लागू होतो. विद्यार्थ्याने नियम बरोबर पाठ केला होता, त्याची हद्द मात्र शिकली नव्हती.

दुसरे उदाहरण. व्हाइल (<>) ऐवजी फोरईच (<>) लिहिले तरी काम तसेच होताना दिसते. फरक असा की व्हाइल एकेक ओळ वाचून हातावेगळी करतो, तर फोरईच आधी सगळी फाईल स्मृतीत ओढून घेतो. शंभर ओळींच्या फाइलीवर हा फरक कळत नाही. शंभर वर्षांच्या दैनंदिन नोंदी शेकडो केंद्रांच्या असल्या की संगणक धापा टाकू लागतो. तिसरे, 'शिफ्ट' हा एकच शब्द. यादीतला पहिला घटक काढून दे, असा त्याचा अर्थ. कोणत्या यादीतला, हे लिहिले नाही तर? फंक्शनच्या आत असेल तर फंक्शनला दिलेल्या यादीतला, बाहेर असेल तर आज्ञावलीला दिलेल्या यादीतला. शब्द तोच असतो. उंबरा ओलांडला की अर्थ बदलतो.

आमचा स्वतःचा पराभव झाला तो या हद्दीच्याच प्रश्नावर. आमच्याकडे पावसाच्या तीस वर्षांच्या तीस फाइली होत्या. त्यांची नावे एका यादीत ठेवली होती. पहिल्या फेऱ्यात प्रत्येक फाइलीतल्या नोंद नसलेल्या ओळी मोजायच्या, दुसऱ्या फेऱ्यात पावसाची बेरीज करायची. दोन्ही फेरे फोरईचचे. मोजणीसाठी वेगळे फंक्शन लिहिले होते आणि त्यात फाईल वाचायला सवयीने व्हाइल वापरला होता. पहिला फेरा उत्तम चालला. तीसही नावे आणि तीसही आकडे छापले गेले. दुसऱ्या फेऱ्याने मात्र तीस वर्षांचा एकूण पाऊस शून्य मिलिमीटर असल्याचे जाहीर केले.

दोन दिवस आम्ही बेरजेच्या भागात चूक शोधत होतो. चूक तिथे नव्हतीच. फोरईच आपल्या यादीतला एकेक घटक $_ ला देतो, पण त्याची प्रत काढून देत नाही. खुद्द तो घटकच $_ या नावाने वावरू लागतो. आता आतल्या फंक्शनमधल्या व्हाइलने प्रत्येक वाचलेली ओळ त्याच $_ मध्ये टाकली. म्हणजे आमच्या यादीतल्या फाइलीच्या नावावरच ती लिहिली गेली. फाईल संपल्यावर $_ रिकामे झाले आणि त्याबरोबर ते नावही. अशी तीसही नावे पुसली गेली. पहिल्या फेऱ्यात नाव छापण्याची आज्ञा फंक्शनला हाक मारण्याआधी होती, म्हणून तिथे काही जाणवले नाही. दुसऱ्या फेऱ्याला उघडायला फाइलीच उरल्या नव्हत्या. आणि फाईल उघडली का, हे तपासण्याचा कंटाळा आम्हीच केला होता.

गंमत अशी की फोरईच संपताना $_ ची आधीची किंमत नीट परत ठेवतो. व्हाइल मात्र असे काही करत नाही. दोघे एकच सर्वनाम वापरतात, पण वापरण्याची शिस्त दोघांची वेगळी. 'त्याने त्याला त्याचे पुस्तक दिले' या वाक्यात पुस्तक कोणाचे, असा घोळ होतो तसा हा घोळ होता. मराठीत तो 'आपले' हा शब्द घालून सोडवता येतो. पर्लमध्येही तसाच शब्द आहे आणि तो आहे चक्क 'माय', म्हणजे 'माझे'! फोरईच माय $नाव, व्हाइल (माय $ओळ = <फाईल>), असे लिहिले की प्रत्येकाचे चल ज्याचे त्याच्यापाशी राहते. आम्ही दोन शब्द वाचवले होते आणि दोन दिवस घालवले होते. उत्तर शून्य आले हे आमचे नशीब. ते वर्षाला शंभर मिलिमीटरने कमी आले असते तर कदाचित आम्ही ते छापूनही टाकले असते.

ही अडचण पर्लच्या कर्त्यांनाही माहीत होती. २००७ च्या ५.१० आवृत्तीत $_ लाच 'माय' लावण्याची सोय देऊन पाहिली. पण तिने नवेच गोंधळ निर्माण झाले आणि २०१६ च्या ५.२४ आवृत्तीत ती काढून टाकली. पर्लच्या पोटी जन्मलेल्या आणि २०१९ मध्ये राकू हे नाव घेतलेल्या भाषेत हे सर्वनाम ठेवले आहे, पण तिथे आज्ञांच्या प्रत्येक गटाला स्वतःचे वेगळे $_ मिळते. म्हणजे खोट गाळण्यात नव्हती. गाळलेल्याची हद्द न आखण्यात होती.

पाणिनी आणि रेकॉर्ड

आपल्या परंपरेला हा प्रश्न नवा नाही. पाणिनीच्या अष्टाध्यायीत सुमारे चार हजार सूत्रे आहेत आणि ती इतकी छोटी होऊ शकली ती अनुवृत्तीमुळे. एका सूत्रातला शब्द पुढच्या सूत्रांत पुन्हा लिहायचा नाही, तो वरून वाहत येतो असे समजायचे. वाण्याच्या यादीतला किलो तो हाच. पण तो किती सूत्रांपर्यंत वाहतो? काही प्रकारच्या शब्दांसाठी पाणिनीने स्वराच्या खुणेची योजना केली होती. पण आपल्यापर्यंत आलेल्या पाठात त्या खुणा उरल्या नाहीत. म्हणून हद्दी कळतात त्या टीकाकारांच्या परंपरेतून. सातव्या शतकातली मानली जाणारी काशिकावृत्ती हे काम नेमाने करते. सूत्र घ्यायचे, वरून आलेले शब्द भरायचे, पूर्ण वाक्य करायचे आणि मग उदाहरण द्यायचे. सतराव्या शतकात भट्टोजी दीक्षितांनी सिद्धांतकौमुदीत सूत्रांचा क्रम विषयवार बदलला, आणि त्यांचे शिष्य वरदराज यांनी नवशिक्यांसाठी लघुसिद्धांतकौमुदी केली. सूत्र जितके आखूड, तितकी वृत्तीची गरज मोठी. ज्यांनी जगातली बहुधा सर्वांत आटोपशीर व्याकरणरचना केली, त्यांच्या वारसांनी नुसती सूत्रे देऊन विद्यार्थ्याला वाऱ्यावर सोडले नाही.

दुसरा दाखला रॉबर्ट रेकॉर्डचा. बरोबरीचे = हे चिन्ह या वेल्श वैद्याने १५५७ मध्ये आपल्या 'द व्हेटस्टोन ऑफ विट' या पुस्तकात प्रथम वापरले. 'च्या बरोबर आहे' हे शब्द पुन्हा पुन्हा लिहिण्याचा त्याला कंटाळा आला होता. तेव्हा, दोन समांतर रेघांहून अधिक सारख्या वस्तू कोणत्या, असा विचार करून त्याने त्या रेघा घेतल्या. यात क्रम पाहण्यासारखा आहे. आधी पूर्ण वाक्य शेकडो वेळा लिहिले, मग ते आखूड केले. आपले विद्यार्थी मात्र आखूड रूपापासूनच सुरुवात करतात; ज्या लांब वाक्याचा कंटाळा यायचा ते त्यांनी कधी लिहिलेलेच नसते.

पुस्तकाची वाट

या दृष्टीने 'लर्निंग पर्ल' हे गाजलेले पाठ्यपुस्तक तपासून पाहणे उद्बोधक ठरते. रँडल श्वार्ट्झने १९९३ मध्ये लिहिलेल्या या पुस्तकाच्या पुढे अनेक आवृत्त्या निघाल्या आणि त्यांना सहलेखकही लाभले. फाईल वाचण्याचे प्रकरण त्याच्या पुढच्या आवृत्त्यांत ज्या पद्धतीने मांडले आहे ते नमुनेदार आहे. आधी लांब रूप, मग आखूड, मग दोन्हींचा अर्थ एकच हे दाखवणे, आणि शेवटी ही सवलत नेमकी कुठे मिळते व कुठे मिळत नाही याचा इशारा. व्हाइल आणि फोरईचमधला स्मृतीचा फरकही तिथेच सांगितला आहे. काशिकेला शोभेल अशी ही रीत आहे.

तक्रार आहे ती वेगळी. $_ ची पहिली भेट याद्यांच्या प्रकरणात होते, दुसरी फाइलींच्या, तिसरी शब्दशोधाच्या प्रकरणात. प्रत्येक भेटीत ती एक छोटी सोय म्हणून येते. एकेका सोयीविषयी काही खटकत नाही. पण या सोयी एकत्र आल्या की त्यांची एक व्यवस्था होते, आणि आमचे दोन दिवस खाल्ले ते दोन सोयींच्या मधल्या सांध्याने. त्यातही बहुतेक विद्यार्थी एवढे पुस्तकही वाचत नाहीत. ते ज्येष्ठाची आज्ञावली उतरवून घेतात, जशी आम्ही उतरवून घेतली होती. उतरवून घेतलेल्या संक्षेपाला हद्द नसते, कारण हद्द कागदावर दिसतच नाही. आता तर मागितले की तयार आज्ञावली लिहून देणारी यंत्रेही आली आहेत. लिहिण्याचे कष्ट त्यामुळे कमी होतील; लिहिलेले काय म्हणते ते वाचता येण्याची गरज मात्र वाढेल.

शून्य पाऊस आणि नोंद नसलेला पाऊस

कोणी म्हणेल, पर्ल आता फारसे कोण शिकते? शाळा-महाविद्यालयांत आज पायथन शिकवतात, आणि सारे काही स्पष्ट लिहावे असा तर त्या भाषेचा जाहीर आग्रह आहे. खरे आहे. पण गाळणी तिथेही आहेतच. एका आठवड्यातल्या चार दिवसांच्या नोंदी घ्या : १२ मिमी, ० मिमी, नोंद नाही, ६ मिमी. पायथनमध्ये 'नोंद नाही' साठी नन हा शब्द ठेवतात. सरासरी काढताना नोंद नसलेले दिवस वगळायचे म्हणून विद्यार्थी लिहितो, 'इफ पाऊस :', म्हणजे 'जर पाऊस असेल तर'. वाचायला किती सहज! पण इथे तुलना गाळली आहे, आणि ती भरण्याचा नियम असा की नन जसे खोटे, तसेच शून्यही खोटे. त्यामुळे कोरडा दिवसही वगळला जातो. खरी सरासरी १८ भागिले ३, म्हणजे ६ मिमी; आज्ञावलीचे उत्तर १८ भागिले २, म्हणजे ९ मिमी. आज्ञावली अडखळत नाही, सूचना देत नाही. दुष्काळी तालुक्याच्या नोंदींवर अशी आज्ञावली चालवली तर जितके कोरडे दिवस अधिक तितकी सरासरी फुगत जाईल. पाऊस शून्य पडला ही एक माहिती आहे आणि मोजलाच नाही ही दुसरी. या दोहोंतला भेद सांगणारे 'इज नॉट नन' हे तीन शब्द वाचवण्याची ही किंमत आहे.

वर्गात काय करता येईल?

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या टप्प्यावर कोडिंगचे उपक्रम आणण्याचा उल्लेख आहे. म्हणजे हा प्रश्न आता केवळ प्रयोगशाळांचा राहिलेला नाही. शिक्षकांनी संक्षेप शिकवूच नयेत, असे आमचे म्हणणे नाही. जगातल्या आज्ञावल्या संक्षेपांनी भरलेल्या आहेत. ते न शिकलेला विद्यार्थी दुसऱ्याची आज्ञावली वाचूच शकणार नाही. एकदाच चालवून फेकून द्यायच्या अर्ध्या ओळीच्या आज्ञेत सगळे शब्द लिहीत बसणेही वेडेपणाचे आहे. आम्हीही बसत नाही. जी आज्ञावली ठेवायची आहे, जी उद्या दुसरा कोणी वाचणार आहे, तिच्यापुरता मात्र आमचा आग्रह आहे. आणि त्यासाठी लागणारी सवय लावायला मराठीच्या शिक्षकांची जुनी रीतच पुरेशी आहे.

पहिली गोष्ट, पूर्ण रूप आधी. विद्यार्थ्याने ते पाच-दहा वेळा हाताने लिहावे, त्याला कंटाळा येऊ द्यावा आणि मग आखूड रूप दाखवावे. रेकॉर्डचा आनंद त्यालाही मिळेल. दुसरी, विग्रहाचा प्रश्न परीक्षेत घालावा : 'पुढील आज्ञेचा विग्रह करा.' उत्तरात प्रत्येक संक्षेपाविषयी तीन गोष्टी याव्यात. काय गाळले आहे, ते कोणत्या नियमाने भरले जाते आणि तो नियम कुठपर्यंत लागू आहे. तिसरीला सर्वांत जास्त गुण. पर्ल शिकवणाऱ्यांना इथे एक आयती मदत आहे. डीपार्स नावाचे साधन पर्लबरोबरच मिळते. त्याला आखूड आज्ञा दिली की ते न लिहिलेला फेरा, डिफाइन्ड आणि प्रिंटपुढचे $_ भरून लांब रूप छापून दाखवते. मुलांनी आपला विग्रह त्याच्याशी ताडून पाहावा. अर्थात तेही सगळेच भरत नाही. शब्द कशात शोधायचा ते लिहायचे बहुधा तसेच राहते. तेवढे हेरणारा विद्यार्थी तयार झाला असे समजावे!

तिसरी गोष्ट संगणकाच्या बाहेरची आहे. गणिताच्या तासाला आपणच 'बाजू बदलली की चिन्ह बदलते' असे शिकवतो. हाही गाळलेल्या वाक्याचा संक्षेप आहे. दोन्ही बाजूंतून तीच संख्या वजा केली, हे ते वाक्य. ज्याला ते माहीत नाही तो मुलगा एक दिवस गुणलेली संख्याही पलीकडे नेऊन तिचे चिन्ह बदलतो, ३क = १२ वरून क = १२ − ३ लिहितो, आणि आपण त्याला निष्काळजी म्हणतो. तो निष्काळजी नसतो. नुसते <>, लिहून शीर्षकाची ओळ शोधत बसलेल्या आमच्या विद्यार्थ्यासारखाच तोही एक नियम त्याच्या हद्दीबाहेर इमानाने पाळत असतो.

तेव्हा पुढच्या वेळी वर्गात एखादी सुटसुटीत, नेमकी चालणारी ओळ कोणी लिहून दाखवली तर तिला शाबासकी जरूर द्यावी. आणि लगेच, मराठीच्या सरांच्या आवाजात, विग्रह विचारावा.